गीताबाईचे तीनशे चाळीस आणि दोन उकंडराव

बँकेत पैसे ठेवणं फार सोपं असतं, असं ज्याला वाटत असेल त्यानं वरवट बकालच्या उकंडराव गुरुजींची गाठ घ्यावी. गुरुजी आधी इकडंतिकडं पाहतील, चष्मा पुसतील आणि मग सांगतील की पैसे ठेवणं सोपंच आहे, पण आपण कोण आहोत हे बँकेला पटवणं महाकठीण. हे सांगताना त्यांचा आवाज असा काही कापतो की ऐकणाऱ्यालाही स्वतःच्या नावाबद्दल शंका येऊ लागते.

मुळात पैसे गुरुजींचे नव्हतेच. ते गीताबाईचे होते, म्हणजे गुरुजींच्या बायकोचे, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. गीताबाईनं आठ वर्षं हातसुईनं झंपर शिवले, परकर शिवले, अख्ख्या गल्लीच्या गोधड्या टाचल्या, बोटांची चाळण करून घेतली आणि चार-चार आणे करत तीनशे चाळीस रुपये जमवले. खामगावच्या दुकानात तिनं एक पायमशीन पाहून ठेवली होती. दुकानदारानं सांगितलं होतं, "बाई, आखाजीपरेंत याच भावात देतो. आखाजी झाली का साठ रुपये वाढले समजा." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेव्हा महिना होता, आणि उरलेले भाड्या-हमालीचे पंधरा रुपये तेवढ्यात येणार होते. म्हणजे बाईनं सगळं ठरवून ठेवलं होतं. फक्त नवऱ्याला सांगायची चूक केली.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. जिल्हा परिषदा तेव्हा नव्यानंच झाल्या होत्या आणि गुरुजींना आपणही नवे झाल्यासारखं वाटत होतं. ते म्हणाले, "एवढी रोकड घरात ठेवणं हा अडाणीपणा आहे. महिनाभर बँकेत टाकू. व्याज मिळेल."

"किती भेटन?" गीताबाईनं विचारलं.

गुरुजींनी पाटी घेतली, पेन्सिल घेतली, तीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज काढलं, पुन्हा पडताळून पाहिलं. पंच्याऐंशी पैसे आले. ते त्यांनी अशा थाटात सांगितले की गीताबाईलाही ते जास्तच वाटले. राजेहो, या पंच्याऐंशी पैशांनी पुढं गुरुजींना जे काही दाखवलं, ते त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल.

आता इथं गुरुजींच्या नावाविषयी थोडं बोललं पाहिजे, कारण त्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. आपल्याकडं एखाद्या बाईची लेकरं जगत नसली की पुढच्या लेकराला जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवतात. शेजारीण ते उचलते, माय तिला सव्वा रुपया देऊन आपलंच लेकरू विकत घेते आणि त्याचं नाव ठेवते उकंडा. म्हणजे यम आला तरी त्याला वाटावं, हे फेकलेलं पोर, आपल्याला काय करायचं. गुरुजींच्या आधीची तीन गेली होती. गुरुजी उकंड्यावर जाऊन आले आणि चांगले जगले, एवढे की पुढं मास्तर झाले. पण मास्तर झाल्यावर त्यांना त्या नावाची लाज वाटायला लागली. ट्रेनिंगला असताना हजेरीच्या वेळी नाव पुकारलं की ते नुसता हात वर करत, तोंडातून 'हजर' काढत नसत.

म्हणून मागल्या वर्षी संग्रामपूरच्या लहानशा बँकेत पाच रुपये भरून त्यांनी खातं काढलं, तेव्हा एक भानगड झाली. बँकेच्या मुख्याला तेव्हा एजंट म्हणत. हे एजंटसाहेब थेट पुण्याचे. पांढराशुभ्र सदरा, आणि बोलणं असं स्वच्छ की धुऊन वाळत घातलेलं. त्यांनी विचारलं, "आपलं शुभनाव?" आता इतक्या स्वच्छ प्रश्नाला 'उकंडराव' हे उत्तर गुरुजींच्या जिभेवर येईना. ते म्हणून गेले, "उमाकांत." साहेबांनी लिहून घेतलं. गुरुजींनी तशीच झोकात सही केली आणि सायकलवरून घरी येताना वाटेतल्या प्रत्येक बाभळीला आपलं नवं नाव ऐकवलं. घरी मात्र कोणालाच सांगितलं नाही.

पैसे भरायच्या दिवशी नेमकी शाळेची तपासणी आली. शेजारचे गुलाबराव संग्रामपूरच्या बाजाराला चालले होते. गुरुजींनी पैसे त्यांच्या हवाली केले. पासबुक द्यायला पाहिजे होतं, पण त्यावर होतं 'उमाकांत', आणि गुलाबराव म्हणजे असा माणूस की त्यानं ते पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. गुरुजी म्हणाले, "पासबुकाचं काम नाही. माझ्या खात्यात टाका म्हणावं, बस."

गुलाबराव बँकेत गेले. खिडकीत शालिग्राम नावाचा कारकून होता. त्यानं विचारलं, "कोनाच्या खात्यात?" गुलाबराव म्हणाले, "उकंडरावच्या. वरवटच्या." शालिग्रामनं वही उघडली. वरवटचा उकंडराव तिथं होताच. त्यानं पैसे मोजून घेतले, शिक्का मारला, पावती दिली. कोणाचंच काही चुकलं नाही, आणि घोटाळा मात्र पक्का झाला.

पावती गुरुजींच्या हातात पडली तेव्हा त्यावर 'उकंडराव' वाचून त्यांनी ती दिव्यापाशी नेऊन पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बँकेत हजर झाले.

शालिग्रामनं पावती पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "हे तं शिंप्याचं खातं होय! वरवटच्या बाजारातला उकंडराव शिंपी. त्यानं मशीनसाठी कर्ज काढलं होतं. हप्ते थकले म्हनून आमी त्याची मशीन उचलून आनली होती. ही इथंच होती पहा, साहेब तिच्यावर चहाचा कप ठेवत होते. काल तुमचे पैसे आले, मुद्दल फिटलं, काल दुपारीच बैलगाडीत टाकून मशीन वापस केली."

गुरुजींना एकदम काही समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी खुर्ची धरली. बायकोच्या शिवणमशीनसाठी ठेवलेले पैसे दुसऱ्याच्या शिवणमशीनवर गेले होते, आणि ते पाठवले होते व्याजाच्या पंच्याऐंशी पैशांसाठी. त्यांना हसावं का रडावं हे ठरवता येईना, म्हणून ते तडक एजंटसाहेबांकडं गेले.

साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग पावतीची मागची बाजू दाखवली. तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की भरणाऱ्याच्या चुकीला बँक जबाबदार नाही, आणि थकलेल्या कर्जखात्यात आलेली रक्कम कर्जात वळती करण्याचा बँकेस हक्क आहे.

"हक्क!" गुरुजी म्हणाले. "दुसऱ्याचे पैसे ठेवून घ्यायचा हक्क?"

"दुसऱ्याचे कसे? उकंडरावांचे पैसे उकंडरावांच्या कर्जात गेले. आपण उमाकांत. आपला यात संबंध काय?"

"उकंडराव मीच."

"मग उमाकांत कोण?"

"तोही मीच."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे एकाच माणसाची दोन नावांनी दोन खाती? आणि त्यातल्या एकावर कर्ज थकलेलं? हे प्रकरण तर फारच गंभीर आहे हो!"

"दोन नाहीत! खातं एकच! तो उकंडराव दुसरा!"

"मग आपण उकंडराव नाही."

"हाव, नाई! म्हनजे हाव, आहो, पन थो नाई!" रागाच्या भरात गुरुजींची शुद्ध भाषा सुटली आणि वऱ्हाडी बाहेर आली. ती ऐकून शालिग्राम खिडकीतून हसला. तेवढं हसणं गुरुजींना तीनशे चाळीस रुपयांपेक्षा जास्त लागलं. साहेब म्हणाले, "आपण उकंडराव असल्याचा पुरावा आणा. मग बघू."

घरी येताना गुरुजींनी ठरवलं की गीताबाईला इतक्यात काही सांगायचं नाही. पुरावा आणू, पैसे सोडवू, तिला कळायच्या आत सगळं जागेवर बसवू. पण दारात पोचतात तोच आत उकंडराव शिंपी बसलेला. हातात नारळ. मशीन कोणी सोडवली याचा माग काढत तो शालिग्रामकडून गुलाबरावांपर्यंत आणि गुलाबरावांकडून गुरुजींच्या घरापर्यंत आला होता. गुरुजींना पाहताच त्यानं त्यांच्या पायावर डोकंच ठेवलं.

"गुरुजी, माह्या जन्माचं कल्याण केलं तुमी! तीन महिने बिनमशीनचा बसलो होतो. लग्नसराई चालली होती हातची. नात्याचा ना गोत्याचा, निस्ता नावभाऊ म्हनून तुमी तीनशे चाळीस भरले. असा मानूस म्या पाह्यला नाई."

गीताबाई चुलीपाशी उभी होती. तिनं विचारलं, "कोनते तीनशे चाळीस?"

गुरुजींनी त्या वेळी खरं सांगितलं असतं तर गोष्ट इथंच आटोपली असती. पण पायावर माणूस, हातात नारळ, दारात गुलाबराव आणि त्यांच्या मागं अर्धी गल्ली. गुरुजींच्या तोंडून निघालं, "माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं, दुसरं काय." गल्लीनं माना डोलावल्या. शिंपी डोळे पुसत गेला आणि जाता जाता अर्ध्या वरवटला सांगत गेला.

माणसं पांगल्यावर गीताबाईनं विचारलं तेव्हा गुरुजींना सगळं सांगावं लागलं. बँक, पावती, शिंपी, आणि शेवटी अगदी खालच्या आवाजात, उमाकांत. ती रागावली असती, भांडी आपटली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं. पण तिनं आधी चुलीतली लाकडं मागं ओढली.

मग म्हणाली, "बारा वर्सं झाले लग्नाले. हळदीकुंकवात, डोहाळजेवनात, जिथं तिथं मी उखान्यात उकंडरावाचं नाव घेऊन राह्यली. बाया तोंडाले पदर लावून हासतात, तरी घेते. अन तुमी तिकडं उमाकांत?"

गुरुजींना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि या वेळी ती नावाची नव्हती.

"मले माहे पैसे पायजेत," गीताबाई म्हणाली. "आखाजीच्या आत. कोनत्या नावानं आनता थे तुमचं तुमी पहा." आणि तिनं हातसुईत दोरा ओवला.

दुसऱ्या दिवसापासून गावानं गुरुजींना सळो की पळो करून सोडलं. खरं काय ते गुलाबरावांमार्फत पारावर पोचलं होतं, पण खोटंही अजून गेलं नव्हतं, त्यामुळं अर्धे लोक गुरुजींना दानशूर म्हणत आणि अर्धे लोक सल्ले देत. कित्येकजण दोन्ही करत. शिंप्याला मात्र खरं सांगायला कोणाचीच जीभ रेटली नाही. गुलाबराव म्हणाले, "गुरुजी, बँकेवर फौजदारी ठोका. म्या साक्ष देतो." कशाची साक्ष, असं विचारलं तर म्हणाले, "थे मंग ठरवू." एकानं सुचवलं की बँकेच्या दारात बसून उपोषण करावं. दुसऱ्यानं सांगितलं की शिंप्याकडून तीनशे चाळीस रुपयांचे कपडे शिवून घ्यावेत. गुरुजींनी हिशेब केला, आठ आण्याला सदरा धरला तरी सहाशे ऐंशी सदरे होत होते.

शेवटी ते संग्रामपूरच्या बाजाराच्या तोंडाशी लिंबाखाली बसणाऱ्या रहेमतुल्लाभाईंकडं गेले. रहेमतुल्लाभाई अर्जनवीस. पंचक्रोशीतले सगळे अर्ज, तक्रारी, माफीपत्रं त्यांच्याच टाकातून उतरत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाढीवरून हात फिरवला.

"गुरुजी, तुम्ही खामखा घाबरून राह्यले. आपल्याकडं एक लफ्ज आहे, 'उर्फ'. बडी काम की चीज. मधात एक उर्फ टाकला का दोन मानसं एक होतात." आणि त्यांनी स्टँप पेपरवर झरझर लिहिलं, 'मी उमाकांत उर्फ उकंडराव, धंदा शिक्षक, मुक्काम वरवट, ईश्वरास स्मरून सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...'

"फी किती झाली?" गुरुजींनी विचारलं.

"एका नावाचे दोन रुपये. तुमचे नावं दोन."

प्रतिज्ञापत्राच्या जोडीला जन्माचा दाखला हवा होता. तो गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, म्हणजे कोतवाल बुकात सापडला. कोतवालानं जुनी वही झटकली तेव्हा गुरुजींना चार शिंका आल्या, आणि सापडलेल्या नोंदीत लिहिलं होतं, 'मुलगा, एक.' नावाच्या रकान्यात रेघ. कोतवाल म्हणाला, "तीन गेले होते ना जी, लिहिनाऱ्यानं म्हतलं असन, उगाच नाव काऊन लिहाचं." गुरुजींनी त्या रेघेची नक्कल घेतली. मग साक्षीदार म्हणून तानुबाईला नेणं भाग पडलं.

तानुबाई म्हणजे ज्या शेजारणीनं गुरुजींना उकंड्यावरून उचललं ती. वय सत्तरीपुढं, आवाज विशीतला. बँकेत पाय ठेवल्याबरोबर तिनं एजंटसाहेबांना नीट न्याहाळलं आणि कोणी विचारायच्या आत सुरुवात केली.

"सायेब, याच्या आंदी तीन गेले. मंग हा झाला. एवढुसाक, काया, वाकडा. म्या म्हतलं, याले ठेवा उकंड्यावर. ठेवला. म्या उचलला. याच्या मायनं मले सव्वा रुपया देल्ला अन याले माह्यापासून इकत घेतला. सगया गावानं पाह्यलं."

साहेबांची लेखणी थांबली. "विकत घेतला? म्हणजे मूल विकलं? त्याचं काही खत, पावती?"

"उकंड्यावर कोन पावती देते बापा?"

बँकेत पैसे भरायला आलेली सातआठ माणसं होती. ती सगळी पोट धरून हसली. शालिग्राम तर काउंटरखालीच गेला. गुरुजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत उभे राहिले. जे नाव पुण्याच्या एका माणसापासून लपवण्यासाठी त्यांनी वर्षभर जीव काढला, ते आता सगळ्या संग्रामपूरला वाकड्या-काळ्यासकट ठाऊक झालं. पण एक झालं. साहेबांनी प्रतिज्ञापत्र, रेघेची नक्कल आणि तानुबाईचा अंगठा जोडून शेरा मारला, 'अर्जदार हे वरवटचे उकंडराव असल्याची खात्री पटली.'

गुरुजींचा चेहरा फुलला. "मग पैसे?"

साहेबांनी खातेवही ओढली. "आपण वरवटचे उकंडराव. वरवटचे उकंडराव या खात्यावर मुद्दल फिटलं आहे, पण व्याजापैकी अठरा रुपये चाळीस पैसे अजून येणे आहेत. ते कधी भरता?"

गुरुजींना पुढचं नीट आठवत नाही. ते म्हणतात की मी शांत होतो. तानुबाई सांगते की यानं टोपी काढून साहेबाच्या टेबलावर फेकली अन म्हणाला, मी उकंडराव नाई, उमाकांत नाई, मी कोनीच नाई, मले उचलून फेका. शालिग्रामनं त्यांना पाणी पाजलं. पोरगा हसरा होता पण मनाचा वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, इथं काई होत नाई. हेड ऑफिसले लिहा."

गुरुजींनी हेड ऑफिसला अकरा पानी पत्र लिहिलं. मास्तरच ते, प्रस्तावनेतच चार पानं गेली. मग वाट पाहणं सुरू झालं. रोज शाळा सुटली की पोस्टात फेरी. आखाजी दहा दिवसांवर आली, मग सहा, मग चार. गीताबाई काही विचारत नव्हती. संध्याकाळी ते रिकाम्या हातानं आले की ती एकदा हाताकडं पाही आणि सुई चालवत राही. त्या पाहण्यानं गुरुजी अर्ध्या ताटावरून उठत.

आखाजीला दोन दिवस उरले असताना उत्तर आलं. हेड ऑफिसनं बँकेचा हक्क मान्य केला होता, गुरुजींचं म्हणणंही मान्य केलं होतं, आणि दोन्ही मान्य करून असा हुकूम दिला होता की रक्कम विशेष बाब म्हणून अर्जदारास परत करावी, त्यामुळं कर्ज पुन्हा थकीत होत असल्यानं तारण यंत्र त्याच दिवशी परत ताब्यात घ्यावं, आणि वरवटला उकंडराव दोन असल्यानं यंत्र चुकीच्या घरून उचललं जाऊ नये म्हणून अर्जदारानं स्वतः सोबत जाऊन दुकान दाखवावं.

गुरुजींनी ते तीनदा वाचलं. पैसे मिळणार एवढं समजलं. बाकीचं समजलं तेव्हा उगाच समजलं असं झालं.

दुसऱ्या दिवशी वरवटचा बाजार होता. एजंटसाहेब पैशांचं पाकीट घेऊन, शालिग्राम कागद घेऊन आणि बँकेचा शिपाई दोरखंड घेऊन आला. गीताबाई पैसे घ्यायला आली. तानुबाईला कोणी बोलावलं नव्हतं, ती तशीच आली. गुलाबराव साक्षीला म्हणून आले. ही वरात बाजारातून शिंप्याच्या दुकानाशी पोचली, तोवर निम्मा बाजार मागं लागला होता.

उकंडराव शिंपी मशीनवर होता. नवरदेवाचा सदरा शिवत होता. दुकानात कापडांचे ढीग, लग्नसराई ऐन भरात. गुरुजींना पाहून तो लगबगीनं उठला, "या गुरुजी, या, माहे देव आले!" मग त्याला दोरखंड दिसला.

शालिग्रामनं खाली मान घालून हुकूम वाचला. शिंप्यानं सगळा ऐकला. त्याच्या मागं त्याची बायको बटणं टाकत बसली होती, तिचा हात तसाच राहिला. शिंप्यानं वाद घातला नाही. त्यानं गुरुजींकडं पाहिलं आणि विचारलं, "म्हनजे थे पैसे चुकून आले होते?"

"चुकून आले होते," गुरुजी म्हणाले.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं गुरुजी? म्या महिनाभर गावात तुमचं नाव घेत फिरलो ना."

गुरुजींना वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. शिंप्यानं अर्धवट सदरा मशीनमधून काढला, दोरा तोडला, मशीनवरची धूळ बाहीनं पुसली आणि बाजूला झाला. "न्या," तो म्हणाला.

साहेबांनी कागद पुढं केला. "इथं सही करा. यंत्र ओळखलं, पैसे मिळाले. आणि कृपा करून एकच नाव लिहा." गुरुजींनी लेखणी घेतली. सगळा बाजार मान उंचावून पाहत होता. ते मोठ्यानं म्हणाले, "उकंडराव माह्यं नाव. हा शिंपी बी उकंडराव. अन चूक माही होय, त्याची नाई." मग लेखणी तशीच हातात धरून ते गीताबाईकडं वळले. "पैसे तुहे हायत. तू सांग."

गीताबाई मशीनपाशी गेली. तिनं चाकाला हात लावला, अर्धा फेरा फिरवला, पायाच्या पट्टीकडं पाहिलं. ते करताना ती शिंप्याकडं, साहेबाकडं, कोणाकडंच पाहत नव्हती.

"भाऊ," ती शिंप्याला म्हणाली, "हे चालवाले शिकाले किती दिवस लागतात?"

"हात सुईत बसला असन तं आठ दिवस."

"माहा बसेल हाय. ऐक मंग. मशीन कुठीच जात नाई. सकायी तू चालव, दुपारपासून दिवस बुडेपरेंत मी. झंपर, परकर, बायांचं सगयं काम माहं. त्याची मजुरी माही. तीनशे चाळीस फिटले का मी माही मशीन घेते, तुही तुले. कबूल?"

शिंप्याच्या आधी त्याची बायकोच मागून ओरडली, "हाव वहिनी, कबूल, कबूल! बायाइले याच्यापाशी माप द्याची लाजच वाटते!"

गीताबाईनं साहेबांच्या हातातलं पाकीट मागं सारलं. "ठेवा साहेब, याच्या कर्जातच राहू द्या. तुमचा हक्क हाय ना, ठेवा."

आता एजंटसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, ठेवा काय? मला ठेवता येत नाहीत! परत करण्याचा हुकूम आहे!"

"महिनाभर तं म्हनत होते, ठेवाचा हक्क हाय."

"हक्क आहे हो, पण हुकूम नाही! पैसे घेतले नाहीत तर मी ते कोणत्या खात्यात दाखवू? आपण घेतलेच पाहिजेत, बाई!" साहेब पाकीट घेऊन गीताबाईच्या मागं आणि गीताबाई दुकानाच्या आत, असं थोडा वेळ चाललं. शिपाई दोरखंड गुंडाळू की सोडू असं विचारत होता. गुलाबराव सगळ्यांना समजावत होते आणि त्यांना स्वतःला काही समजलेलं नव्हतं. शेवटी बाजाराला आलेले रहेमतुल्लाभाई गर्दीतून पुढं आले, दुकानाच्या पायरीवर टेकले आणि पैसे परत न घेण्याचा अर्ज लिहून देतो म्हणाले. फी दोन रुपये. या वेळी नाव एकच होतं.

साहेब अर्ज घेऊन निघाले. वळणापर्यंत ते शालिग्रामला विचारत होते, "म्हणजे नक्की काय झालं?" शालिग्राम सांगत होता, आणि साहेब पुन्हा तेच विचारत होते.

गुरुजींनाही तेच विचारायचं होतं. ते दुकानात कापडाच्या ढिगाशेजारी उभे होते. "म्हनजे," ते हळूच म्हणाले, "पैसे बँकेत, मशीन त्याची. मंग आपल्याले काय भेटलं?"

गीताबाईनं शिंप्याच्या गळ्यातली मापपट्टी घेतली. "पह्यले मापं शिकाव लागतात म्हने. हात वर करा."

"इथं? भर बाजारात?"

"करा."

गुरुजींनी दोन्ही हात वर केले. भाजीवाल्या, गुलाबराव, तानुबाई, सगळे पाहत होते. शिंपी वही घेऊन बसला होता. गीताबाईनं पट्टी त्यांच्या छातीभोवती फिरवली, ओढली, आकडा पाहिला.

"छत्तीस असन," गुरुजी म्हणाले.

"चौतीस. अन फुगवू नका जी, श्वास सोडा."

उकंडरावांनी श्वास सोडला.

"एकतीस," गीताबाई म्हणाली, आणि शिंप्यानं लिहून घेतलं.